गोष्टीत संपादक बोलत नाही

मित्रांनो, मी पायाने चालवायची एक जुनी छपाई मशीन आहे. छापखान्यात मला ट्रेडल म्हणत. हे असे उलगडून सांगावे लागते, यातच माझे वय आले. मध्यंतरी एका मुलाने मला पाहून विचारले, "ही व्यायामाची आहे का?" मी गप्प राहिले. स्वभावाने मी तापट आहे, पण मुलांवर रागावत नाही.

माझा जन्म पंजाबातल्या एका कारखान्यात झाला. तिथून रेल्वेने मी पुण्याला आले आणि बुधवार पेठेतल्या एका बोळात लग्नपत्रिका छापू लागले. किती जणांची लग्ने माझ्यामुळे वेळेवर लागली असतील. त्यातल्या एकानेही मला जेवायला बोलावले नाही. पुढे मालकांनी नव्या पद्धतीचे यंत्र आणले आणि मला कोपऱ्यात सरकवले. तेव्हा मुळशी तालुक्यातल्या नांदे गावचे कुशाबा मला बघायला आले. त्यांनी माझे चाक हाताने फिरवले, कान लावून आवाज ऐकला आणि म्हणाले, "म्हातारी दमदार हाय." त्या वेळी मी काही म्हातारी नव्हते. पण नाव पडले ते पडलेच.

टेंपोत बसून सूसच्या खडबडीत रस्त्याने मी नांद्याला आले. त्या काळी दोन्ही बाजूंना भाताची खाचरे होती. कुशाबांनी गोठ्याशेजारी पत्र्याची खोली बांधली, मला तिथे बसवले आणि 'गावशीव' नावाचे साप्ताहिक सुरू केले. चांगली शेती असताना हा माणूस छापखाना काढतो म्हणून भावकी हसली. त्यांच्या पत्नी गोजराबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या चाकाला हळदकुंकू लावले आणि म्हणाल्या, "आता हिचंबी समद्यांच्या आधी बघावं लागंल."

मित्रांनो, तेव्हाचे काम तुम्हाला सांगते. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरे. ती एकेक उचलून ओळ जुळवायची, ओळी लोखंडी चौकटीत घट्ट आवळायच्या आणि ती चौकट माझ्या अंगावर चढवायची. बुधवारी जुळणी आणि गुरुवारी छपाई. छापलेले गठ्ठे दुपारच्या एसटीने पौडला जायचे. ती एसटी कुणासाठी थांबत नसे, त्यामुळे गुरुवारी कुशाबांच्या तोंडात घास जात नसे. एका दिवाळीत अशाच घाईत त्यांच्या उजव्या तर्जनीचे टोक गेले. त्यांनी त्याबद्दल मला कधी बोल लावला नाही.

'गावशीव'मध्ये काय नसायचे? जत्रेतल्या कुस्त्या, हरवलेल्या म्हशी, दहावीचा निकाल, रखडलेला पूल, पुढाऱ्यांचे वाढदिवस. आणि कुशाबांचे दोन नियम होते. पहिला, ज्याची बातमी आहे त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची. दुसरा, स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय छापायचे नाही. शहरातले पत्रकार पहिल्या नियमाला नावे ठेवायचे. पण कुशाबा म्हणत, "आमाला ह्याच गावात ऱ्हायाचंय. मागनं बोलल्यालं कुणाला आवडतं?" सायकलवर टांग मारून ते वाडीवस्तीवर जायचे आणि मोठा असो की गरीब, बातमी वाचून दाखवायचे. धोंडाबाईंच्या म्हशीने ग्रामपंचायतीची रोपे खाल्ली, ही बातमी त्यांनी धोंडाबाईंना वाचून दाखवली. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "बाकी समदं बराबर हाय. पर म्हस न्हाई, रेडा हुता." कुशाबांनी परत येऊन रेडा केला.

असे चांगले चालले होते. पण आता जे सांगणार आहे, ते आठवले की माझे बिडाचे अंगही जड होते.

शैलेश नावाचा गावातलाच एक कॉलेजात जाणारा तरुण 'गावशीव'साठी बातम्या आणायचा. लिहायची त्याला फार हौस. एका बुधवारी तो तणतणत आला. टेकडीखालच्या ओढ्याकाठी गावचे पुढारी विठ्ठलराव यांची पडीक जागा होती. तिथे टँकर येऊन कुठल्याशा कारखान्याचे काळे पाणी ओतत होते. ते पाणी पिऊन शैलेशच्या घरची गाय मेली होती. त्याने बातमी लिहूनच आणली होती. कुशाबांनी ती लगेच जुळवायला घेतली.

संध्याकाळी नियमाप्रमाणे ते विठ्ठलरावांकडे गेले आणि बातमी वाचून दाखवली. सकाळी छपाईच्या आधी ओढ्यावर जाऊन बघून यायचे त्यांनी ठरवले होते. गेले, तर तिथे ताजा मुरूम पसरून जमीन सपाट केलेली. काळ्या पाण्याचा थेंब दिसेना. आता दुसरा नियम आडवा आला. डोळ्यांनी बघितले नाही, तर छापायचे कसे? परत येऊन त्यांनी चौकट सैल केली आणि ती बातमी काढली. पानात मोठे भगदाड पडले. एसटीची वेळ होत आलेली. तरुण मंडळाने विठ्ठलरावांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा पुढच्या अंकासाठी जाहिरात म्हणून देऊन ठेवल्या होत्या, फोटोच्या ठशासकट. त्या नेमक्या तेवढ्याच जागेत बसत होत्या. कुशाबांनी हाताला लागले ते उचलून बसवले आणि माझ्या पायट्यावर पाय मारून छपाई सुरू केली.

संध्याकाळी शैलेशने दारात उभे राहून अंक उघडला. बातमी नव्हती आणि तिच्या जागी हार घातलेले विठ्ठलराव हसत होते. त्याने अंकाची घडी केली, माझ्यावर ठेवली आणि निघून गेला. पुढे तो पुण्यात स्थायिक झाला आणि लेखक झाला. गावात पुन्हा आला नाही.

दिवस बदलले. संगणक आले, मोबाइल आले, 'गावशीव' बंद पडला. खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. कुशाबांनीही थोडी जमीन विकून खोल्या बांधल्या. त्यात आता हिंजवडीला कामाला जाणारी मुले भाड्याने राहतात. गोजराबाई माझ्या पाटावर लसूण वाळत घालू लागल्या. छापील अक्षरांची सवय झालेल्या अंगाला लसणाचा वास! पण कुरकुर कुणाकडे करणार? माझा एकच आनंद होता, कुशाबांची नात आरोही. ती लहानपणी माझे चाक फिरवत बसायची आणि जेवायची ती आबांच्या हातचेच. त्या अर्ध्या बोटासकट ते तिला घास भरवायचे.

आरोही आता पिरंगुटच्या शाळेत नववीत आहे. तिथे मराठीला सुलक्षणा मॅडम आहेत. त्या लातूरकडच्या आणि आता सूसला राहतात. त्यांनी वर्गाला एक वेगळाच प्रकल्प दिला. लेखक आपल्या गोष्टींत वर्तमानपत्रे, छापखाने, बातमीदार कसे रंगवतात, ते मुलांनी शोधायचे. आरोहीने घरी येऊन हे सांगितले तेव्हा मी कान टवकारले. इतकी वर्षे आम्ही जगाबद्दल छापत आलो. आमच्याबद्दल काय छापले जाते, हे कुणी विचारलेच नव्हते. मुलांनी शोधले ते ऐकून मला हसू आले आणि रागही आला. गोष्टीतला बातमीदार म्हणे एक तर जिवावर उदार होतो, नाही तर पाकीट घेतो. अंक एसटीत चढेल की नाही, या काळजीत उपाशी बसलेला माणूस कुणी लिहिलाच नाही.

मग मॅडमनी मुळशीतल्याच लेखकाची म्हणून एक गोष्ट निवडली. तिचे नाव 'गुरुवारचा अंक' आणि लेखक शैलेश. कुशाबांची आणि त्याची ओळख मॅडमना ठाऊक नव्हती. गोष्टीत एका गावातला संपादक जाहिरातीच्या मोहाने विषारी ओढ्याची बातमी दडपतो. माझ्याशेजारी बसून वाचता वाचता आरोही एका ओळीवर थांबली. त्या संपादकाच्या उजव्या तर्जनीला टोक नव्हते.

तिने वर्गात तोंड उघडले नाही. पण तिची मैत्रीण किमया भाबडेपणाने म्हणाली, "मॅम, आरोहीच्या घरी खरी प्रिंटिंग मशीन आहे." झाले. सगळा वर्ग मला बघायला येणार असे ठरले आणि गोष्टही माझ्यासमोरच वाचायची असे ठरले.

आदल्या दिवशी आरोही खोलीत आली. कुशाबा मला तेल घालत होते. वर्ग येणार म्हणून त्यांनी टोपीही धुवायला टाकली होती.

"आबा, उद्या तुम्ही पौडला जाऊन या ना. तलाठ्याकडे काम आहे म्हणत होतात."

"तलाठी कुटं पळून जातोय? पोरं येणार, म्हातारी चालवून दाखवाया नको?"

"आम्ही बघू नुसती. तुम्ही नका थांबू."

कुशाबांनी तेलाची बुधली खाली ठेवली. "का गं? माजी लाज वाटती व्हय?"

आरोही "नाही" म्हणाली, पण तिने मान वर केली नाही. मित्रांनो, मला सगळे माहीत होते आणि मला सांगता येत नव्हते. तिला वाटत होते, आपले आबा पैशाला विकले गेले होते, आणि उद्या ते सगळ्या वर्गासमोर उघडे पडणार. विचारायचे धाडस तिला होत नव्हते. खरे उत्तर काय येईल याचीच तिला भीती होती.

दुसऱ्या दिवशी शाळेची बस आली. मुले सतरंजीवर बसली. कुशाबा स्वच्छ टोपी घालून माझ्याजवळ उभे राहिले. किमयाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "अंधाऱ्या खोलीत ते यंत्र भुकेल्या जनावरासारखे कागद गिळत होते."

मी आयुष्यात एक कागद गिळलेला नाही. चार-दोन फाडले असतील, तेही शाईचे रूळ कोरडे असताना. पण लेखकाला कोण विचारणार? किमया पुढे वाचत गेली. वाचता वाचता बोटाची ओळ आली. तिचे डोळे आपोआप वर गेले, माझ्या चाकावर ठेवलेल्या कुशाबांच्या हातावर. ती थांबली. आता सगळेच त्या हाताकडे बघू लागले. आरोहीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले.

सुलक्षणा मॅडमचा चेहरा उतरला. "आजोबा, मला खरंच कल्पना नव्हती. किमया, पुस्तक मिट."

"मिटू नगा," कुशाबा शांतपणे म्हणाले. "ज्याचं हाय त्याला वाचून दाखवायचं, ही आमची रीत. इतकी सालं झाली, माजं मला कुणी वाचून दाखवलं न्हाई. वाच, बाय."

किमयाने दबक्या आवाजात शेवटपर्यंत वाचले. शेवटच्या ओळीत संपादकाची बोटे शाईने नव्हे, लाचारीने काळी झाली होती.

मॅडमनी पिशवीतून रंगीत पेन्सिली काढल्या. मग त्यांनी नेहमीच्या आवाजात वर्गाला सांगितले, "आपण काम करायला आलोय, ते करू. लेखकाने स्वतः पाहिलं असेल त्याखाली हिरवी रेघ मारा. त्याला वाटलं असेल त्याखाली लाल. आणि गोष्टीत कोण बोलतं, कोण बोलत नाही, ते बघा."

मुले पुस्तकांवर वाकली. विठ्ठलरावांच्या फोटोखाली हिरवी रेघ आली. बातमी गायब, तिथेही हिरवी. मेलेल्या गाईखालीही हिरवी. आणि पाकीट, मोह, लाचारी, माझे ते गिळणे, या सगळ्यांखाली लाल. माझ्याखाली लाल रेघ आली तेव्हा मला बरे वाटले, खोटे कशाला सांगू?

"मॅम," किमया म्हणाली, "संपादक पूर्ण स्टोरीत एकदापण बोलत नाही. बाकी सगळे बोलतात. चहावालासुद्धा बोलतो."

"मग आता विचारा," मॅडम म्हणाल्या.

पण विचारणार कोण? शेवटी आरोहीच उठली. "आबा, जाहिरातीसाठी काढलीत का बातमी?"

"न्हाई, पोरी." आणि कुशाबांनी जे घडले ते सगळे सांगितले. वाचून दाखवायला गेलेली संध्याकाळ, सकाळचा मुरूम, पानातले भगदाड, एसटीची घाई. स्वतःची बाजू सावरून घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "शैलेशनं खोटं न्हाई लिवलं. त्याला जे दिसलं, त्यावरनं दुसरं काय वाटणार? मुरूम टाकाया येळ मीच दिला."

आरोहीच्या डोळ्यांत पाणी आले, पण ती बसली नाही. "विठ्ठलरावांना आधी वाचून दाखवलीत. मग बातमी काढताना शैलेशकाकांना का नाही सांगितलंत? बातमी त्यांचीपण होती. गाय त्यांची होती."

कुशाबांनी माझ्या चाकावरचा हात काढून घेतला. "गेलो हुतो त्यांच्या दारापत्तर," ते म्हणाले. "आत जायाची लाज वाटली. उद्या जाऊ, परवा जाऊ करत ऱ्हायलं."

मॅडमकडे शैलेशचा नंबर होता. त्याला शाळेत बोलवायचे चालले होते. कुशाबांनी तो मागून घेतला. मॅडमनी फोन लावून आवाज मोठा केला आणि माझ्या पाटावर ठेवला.

"शैलेश, कुशाबा बोलतोय. नांद्याचा."

मग कुशाबांनी मघाचेच सारे पुन्हा सांगितले, आणखी थोडक्यात. "हे तवाच सांगाया पायजे हुतं. चुकलं माजं."

शैलेशने सगळे ऐकून घेतले. मग त्याने विचारले, "कुशाबा, त्या ओढ्याचं पुढं काय झालं?"

"तू न्हाई बघितलंस?"

"मी गावात आलोच नाही परत."

"मीबी त्या अंगाला फिरकलो न्हाई," कुशाबा म्हणाले.

मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. एकाने बातमी काढली, दुसऱ्याने गोष्ट लिहिली, मनातल्या मनात दोघे वर्षानुवर्षे भांडत राहिले, आणि ओढ्याकडे कुणीच पाहिले नाही.

आरोहीने फोन उचलला. "काका, ठेवू नका. आम्ही जातो, तुम्हालाही दाखवतो." मग तिने सगळ्यांदेखत आबांचा तोच उजवा हात धरला. "चला, आबा. रस्ता तुम्हाला माहिती आहे." मॅडमनी बसवाल्याला थांबायला सांगितले आणि अख्खा वर्ग त्यांच्यामागे निघाला.

मला जाता येत नव्हते. मी ते परत येईपर्यंत वाट बघत राहिले. मुलांच्या बोलण्यातून कळले ते असे. मुरमाच्या जागेवर आता मोठी सोसायटी आहे, आणि मागच्या भिंतीखालच्या पाइपातून अजूनही काळे पाणी ओढ्यात पडते. या वेळी ते कारखान्याचे नाही, सोसायटीच्याच मैल्याचे आहे. मुरमाखाली काय उरले आहे, ते मात्र कुणाला ठाऊक नाही.

पुढच्या आठवड्यात आरोहीने शाळेच्या भित्तिपत्रकासाठी ती बातमी लिहिली. छापली ती शाळेच्या प्रिंटरवर, आणि याचा मला थोडा मत्सर वाटला, हे कबूल आहे. ती लावण्याआधी आरोही आणि किमया सोसायटीच्या सेक्रेटरींच्या घरी गेल्या आणि त्यांना ती वाचून दाखवली. घरी आल्यावर आरोहीने हे सांगितले, तेव्हा कुशाबा घाबरेच झाले.

"अगं, आता पाइप बुजवतील की ते. मग कुणी इस्वास ठेवायचा?"

"बुजवू देत," आरोही म्हणाली. "फोटो आधीच काढलेत, आबा. व्हिडिओ शैलेशकाकांकडेही आहे. आधी बघून घ्यायचं, मग वाचून दाखवायचं. तुमचे दोन्ही नियम बरोबर होते. नुसता क्रम उलटा होता."

कुशाबांनी टोपी काढली आणि त्या टोपीनेच डोळे पुसले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का, म्हातारे? एवढं साधं आपल्याला सुचलं न्हाई बग."

मित्रांनो, तुम्ही पुष्कळ गोष्टी वाचाल. कुणी आम्हाला राक्षस करील, कुणी देव करील. वाचा, पण हातात दोन रंगांची पेन्सिल ठेवा, आणि ज्याला गोष्टीत बोलू दिलेले नाही त्याच्या घरी एकदा जाऊन या. तो म्हातारा झाला असेल, तर जरा लवकर जा. आणि एखाद्या पत्र्याच्या खोलीत माझी एखादी बहीण लसणाखाली झाकलेली दिसली, तर तिला थोडे तेल घाला. तिनेही पुष्कळ पाहिलेले असते आणि तिलाही आजवर कुणी काही विचारलेले नसते.